डॅकच्या मुखाशी ट्रान्स्फॉर्मर

घरच्या घरी डॅक, म्हणजे अंकीय ध्वनीचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे यंत्र, बांधू पाहणाऱ्या माणसाची खरी परीक्षा चिपच्या शेवटच्या पायापाशी होते. तिथपर्यंतचे काम, म्हणजे वीजपुरवठा स्वच्छ राखणे, घड्याळाचा ठोका स्थिर ठेवणे आणि अंकांची आवक योग्य क्रमाने चिपच्या दारी पोचवणे, हे बव्हंशी उत्पादकाने छापलेल्या तांत्रिक पत्रिकेबरहुकूम पार पाडता येते व त्यात बांधणाऱ्याच्या अभिरुचीला फारसा वाव नसतो. परंतु अंकांचे विद्युतप्रवाहात रूपांतर होऊन तो प्रवाह त्या शेवटच्या पायातून बाहेर पडू लागला, की त्याला अँप्लिफायरला मानवेल असे व्होल्टेजचे रूप कोणत्या मार्गाने द्यावयाचे आणि त्याच्यासोबत आलेल्या अनाहूत कंपनांची व्यवस्था कशी लावावयाची, या प्रश्नांचा निर्णय त्याचा त्यालाच करावा लागतो. प्रस्तुत प्रकरण या प्रश्नांच्या एका जुन्या, लोखंडातांब्याच्या उत्तरासंबंधी आहे.

चिपमधून नेमके काय बाहेर पडते, याचा हिशेब आधी मांडू. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली तेव्हापासून अंकीय ध्वनिलेखनाचा जो शिरस्ता पडला त्यानुसार ध्वनीच्या लहरीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांच्या संख्येत नोंदवली जाते. डॅकची चिप या संख्या ओळीने वाचते व प्रत्येकीच्या प्रमाणात प्रवाह सोडते. बर-ब्राऊन कंपनीची पीसीएम ६३ ही २० बिटांची जुनी नामांकित चिप शून्याच्या दोन्ही अंगांना २ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते. फिलिप्सची टीडीए १५४१ए एकाच दिशेने शून्य ते ४ मिलिअँपिअर प्रवाह ओढते. पीसीएम १७९४ए या चिपला प्रत्येक ध्वनिमार्गासाठी दोन विरोधी पाय असून त्या प्रत्येकातील प्रवाहाचा पल्ला ७.८ मिलिअँपिअरचा असतो. पीसीएम ६३सारख्या चिपचा प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी चढतो-उतरतो. अंकांवर आधी कोणतेही गाळणीचे संस्कार झाले नसतील, तर १ किलोहर्ट्झच्या साध्या स्वरासोबत ४३.१ आणि ४५.१ किलोहर्ट्झ या ठिकाणी त्याच्या दोन प्रतिमा उमटतात, त्यांच्यामागे आणखी वरच्या प्रतिमांची रांग असते, आणि पायऱ्यांच्या तीक्ष्ण कडांतील ऊर्जा मेगाहर्ट्झच्या प्रदेशापर्यंत जाऊन पोचते.

सीडी प्लेअरने २ व्होल्ट द्यावेत असा संकेत आहे. पीसीएम ६३चा प्रवाह परिणामी मूल्याने १.४१४ मिलिअँपिअर भरतो. तो १,४१४ ओहमच्या रोधकातून जमिनीला सोडला तर कागदावर बरोबर २ व्होल्ट मिळतात व काम संपते. परंतु प्रवाह देणाऱ्या चिपला आपल्या पायावर फारसे व्होल्टेज साठलेले चालत नाही. ते वाढले की चिपच्या आतील प्रवाहाचे झरे एकमेकांशी इमान राखेनासे होतात आणि विकृती वाढते. टीडीए १५४१एची मर्यादा तर अवघ्या २५ मिलिव्होल्टची आहे. सबब, चिपच्या पायाशी रोधक लहानच ठेवावा लागतो, त्यावर उमटणारे व्होल्टेज लहान राहते, आणि ते उचलून मोठे करण्याची काही तरी तजवीज करावी लागते.

प्रचलित तजवीज ऑपअँप या वर्धक चिपची. त्याच्या उलट्या पायाशी चिपचा प्रवाह सोडला आणि निर्गमातून मागे एक रोधक आणून जोडला, की ऑपअँप तो पाय सतत शून्य व्होल्टवर धरून ठेवण्यासाठी झटतो व त्या खटपटीत प्रवाहाचे व्होल्टेज करून देतो. ही रचना स्वस्त आहे, आटोपशीर आहे, आणि चांगल्या ऑपअँपची विकृती मोजमापात ट्रान्स्फॉर्मरपेक्षा, विशेषतः खर्जात, पुष्कळच कमी भरते. ही गोष्ट ट्रान्स्फॉर्मरच्या चाहत्यांनी प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. या रचनेची अडचण अशी, की पायरीची प्रत्येक कड ऑपअँपला आपल्या वेगाने पाठलाग करायला लावते, आणि कंप्रता जसजशी वाढते तसतशी त्याची पकड सैल होऊन तो शून्याचा पाय शून्यावर राहत नाही. धारित्र जोडून आणि जलद ऑपअँप निवडून या अडचणीवर मात करता येते, व कारखान्यात बनणारी बहुसंख्य यंत्रे तसेच करतात. शिवाय ऑपअँप हा दोन यंत्रांमधील जमिनीचा संबंध तोडू शकत नाही. ते काम ट्रान्स्फॉर्मर करतो, आणि माझ्या मते त्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे.

ट्रान्स्फॉर्मरचे मूळ १८३१ सालच्या ऑगस्ट महिन्यात मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गुंडाळलेल्या सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यात आहे, आणि व्यवहारोपयोगी रूप १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी या तिघांनी त्याला दिले. ध्वनीच्या कामाला मात्र विजेच्या खांबावरील रोहित्राचे पोलाद पुरेसे पडत नाही. त्यासाठी जी धातू लागली ती समुद्रातल्या तारांसाठी जन्मली. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत गुस्ताव्ह एल्मेन यांनी निकेल आणि लोखंड यांची परमॅलॉय ही मिश्रधातू सिद्ध केली. तिची फीत गुंडाळलेली केबल १९२४ साली न्यूयॉर्कपासून अझोर्स बेटांपर्यंत टाकण्यात आली. इंग्लंडात १९२३ साली स्मिथ व गार्नेट यांनी त्याच हेतूने म्यूमेटल तयार केली, आणि तिची बारीक तार ओढता यावी म्हणून निकेल-लोखंडात तांब्याचा अंश मिसळला. हे काम लंडनच्या टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स कंपनीकडे होते. १८७० साली ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबईहून एडनला नेलेली केबल याच कंपनीची होती. पोलादापेक्षा कितीतरी अधिक चुंबकीय पार्यता असलेल्या या धातूच्या पातळ पट्ट्या आज ध्वनीच्या उत्तम ट्रान्स्फॉर्मरांच्या पोटात असतात; स्वीडनचे लुंडाल, इंग्लंडचे सोटर आणि कॅलिफोर्नियाचे जेन्सेन ही त्या धंद्यातील प्रसिद्ध घराणी होत.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू, कारण या विषयातले निम्मे गैरसमज गणित न केल्यामुळे जन्मतात. ट्रान्स्फॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीचे वेढे प्राथमिकच्या दसपट असतील, तर व्होल्टेज दसपट होते आणि प्रवाह एक-दशांशावर येतो. पहारीने धोंडा उचटणारा माणूस जसा हाताच्या लांब फेरीच्या मोबदल्यात धोंड्याची तसूभर हालचाल विकत घेतो, तसाच हा सौदा आहे, आणि त्यात शक्ती मुळीच वाढत नाही. मात्र रोधाचे रूपांतर पटीच्या वर्गाने होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही. दुय्यम बाजूला १०,००० ओहमचा रोधक जोडला, तर चिपच्या बाजूने पाहता तो शंभराव्या हिश्श्याने, म्हणजे १०० ओहमचा दिसतो. पीसीएम ६३चा १.४१४ मिलिअँपिअर प्रवाह त्या १०० ओहमांवर ०.१४१४ व्होल्ट निर्माण करतो, चिपच्या पायाला शिखरावर फक्त ०.२ व्होल्टचा ताण सोसावा लागतो, आणि दुय्यम बाजूला १.४१४ व्होल्ट हजर होतात. दोन व्होल्टच्या संकेतापेक्षा हे तीन डेसिबलनी कमी असले तरी घरगुती अँप्लिफायरला ते सुखेनैव पुरते. एकही ट्रान्झिस्टर नाही, निर्गमाच्या टप्प्याला वेगळा वीजपुरवठा नाही. चिपच्या पायानंतर उरले ते एक रोधक आणि एक ट्रान्स्फॉर्मर.

परंतु या सौद्याची दुसरी बाजू याच वर्गाच्या नियमातून येते. अँप्लिफायरच्या बाजूने डॅककडे पाहिले, तर त्याचा निर्गमरोध आता सुमारे १०,००० ओहम भरतो, जो चांगल्या ऑपअँपच्या टप्प्यात शंभर ओहमच्या आसपास सहज ठेवता येतो. याचे परिणाम दोन. अँप्लिफायरचा प्रवेशरोध ४७,००० ओहम असेल तर तो या १०,००० ओहमांशी समांतर जोडला जाऊन एकंदर भार ८,२५० ओहमांवर येतो व आवाज थोडा उतरतो, एवढ्यावर भागते. पण तो १०,००० ओहमच असेल तर व्होल्टेज निम्मेच उरते. दुसरा परिणाम केबलचा. ३०० पिकोफॅरड धारितेची केबल आणि १०,००० ओहम यांची संगत झाली, की ५३ किलोहर्ट्झच्या सुमारास तीन डेसिबलांची घट येते. हे चालून जाते, परंतु केबल तिप्पट लांब केली तर ती घट श्राव्य पट्ट्यात, १८ किलोहर्ट्झच्या आत येऊन बसते. म्हणून चढत्या पटीचा ट्रान्स्फॉर्मर वापरणाऱ्याने केबल आखूड ठेवावी, अँप्लिफायरचा प्रवेशरोध आधी तपासावा, आणि पट शक्य तितकी लहान निवडावी. एकास दहा ऐवजी एकास पाच पट घेऊन थोडा आवाज गमावला, तर तेवढ्याच १०० ओहमच्या प्राथमिक रोधासाठी निर्गमरोध २,५०० ओहमांवर येतो. बहुतेक घरांत हाच व्यवहार अधिक शहाणपणाचा ठरतो.

खर्जाची कैफियत निराळी आहे. ट्रान्स्फॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीची प्रवर्तकता रोधकाच्या समांतर बसते आणि कंप्रता कमी होत गेली की संकेताला परस्पर जमिनीची वाट दाखवते. १०० ओहमांच्या रोधासाठी ही गळती ३ हर्ट्झपर्यंत ढकलायची, म्हणजे २० हर्ट्झवर फक्त एक-दशांश डेसिबलाची घट राहील, तर प्रवर्तकता सुमारे ५.३ हेन्री हवी. एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या आणि दहा सेंटिमीटर चुंबकमार्गाच्या म्यूमेटलच्या गाभ्यावर, पार्यता ५०,००० धरून, ३०० वेढे घातले की ५.६ हेन्री मिळतात. तोच आकार साध्या सिलिकॉन पोलादाचा घेतला, की क्षीण संकेतांच्या वेळी त्याची पार्यता एखाद-दोन हजारांच्या घरात राहते, आणि तेवढ्याच वेढ्यांत हेन्रीचा पंचमांशही धड पदरात पडत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत वीजपुरवठ्यासाठी मिळणारा छोटा ट्रान्स्फॉर्मर उलटा जोडून पाहणाऱ्याला खर्ज हरवल्याची जी तक्रार करावी लागते, तिचे मूळ इथे आहे. वेढे वाढवून ही उणीव भरून काढावी म्हटले, तर दुय्यम बाजूला आधीच लागणारे ३,००० वेढे पंधरा-वीस हजारांवर जातात, त्यांची आपसांतील धारिता वाढते, आणि खर्ज सावरताना तारसप्तक हातचे जाते. ध्वनीच्या ट्रान्स्फॉर्मरची किंमत या दोन टोकांच्या ओढाताणीतून ठरते. उलट, चिपच्या पायाशी १०० ऐवजी १० ओहमांचा रोध पुरत असेल, तर प्रवर्तकताही दशांशच लागते आणि गाभ्याच्या वक्रतेमुळे होणारी विकृतीही घटते. कारण चुंबकनाचा वाकडातिकडा प्रवाह जितक्या कमी रोधातून वाहतो तितके त्याचे व्होल्टेजवरील वळ कमी उठतात. ट्रान्स्फॉर्मर निवडण्याआधी रोधक निवडावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

याहून गंभीर बाब एकदिश प्रवाहाची. म्यूमेटल जितकी संवेदनशील तितकीच नाजूक. पाऊण टेस्लाच्या सुमारास तिची चुंबकीय भूक भागते, जिथे सिलिकॉन पोलाद दोन टेस्लांपर्यंत दम धरते. वरच्या आपल्या ट्रान्स्फॉर्मरात २० हर्ट्झचा पूर्ण संकेत सोडला तर गाभ्यात जेमतेम ०.०५३ टेस्लाचे शिखर उमटते, म्हणजे संकेतापासून त्याला भय नाही. पण टीडीए १५४१एसारख्या एकाच दिशेने प्रवाह ओढणाऱ्या चिपचा मध्यबिंदू २ मिलिअँपिअरवर असतो, व हा स्थिर प्रवाह ३०० वेढ्यांतून वाहू दिला तर तो एकटाच ०.३८ टेस्लाच्या आसपास चुंबकन करून बसतो. गाभ्याची अर्धी ऐपत अशी आरंभीच गहाण पडते, प्रवर्तकता कोसळते आणि विकृती एका अंगाला झुकते. अशा चिपसोबत नेमका २ मिलिअँपिअर उलट दिशेने पुरवणारा स्थिर प्रवाहाचा उगम जोडणे अनिवार्य आहे, व तो जोडल्यावर उरलेला फरक मोजून शून्यावर आणणेही. पीसीएम १७९४एसारख्या दुपायी चिपांत हे संकट आपोआप टळते: दोन्ही पायांतून ६.२ मिलिअँपिअरचा मध्यप्रवाह सारखाच वाहत असतो, तो प्रत्येक पायाच्या स्वतंत्र रोधकातून जमिनीला जातो, आणि दोन पायांच्या मधे बसवलेल्या प्राथमिक गुंडाळीच्या दोन टोकांवर एकच स्थिर व्होल्टेज असल्याने तिच्यातून एकदिश प्रवाह जाण्याचे कारण उरत नाही. अलीकडच्या व्होल्टेज देणाऱ्या दुपायी चिपांनाही हाच न्याय लागू आहे. तरीही खातरजमा करावी. दोन पायांत ५ मिलिव्होल्टची तफावत असेल आणि प्राथमिक गुंडाळीचा तारेचा रोध ५० ओहम असेल, तर ०.१ मिलिअँपिअर एकदिश प्रवाह चोरपावलांनी वाहतोच.

इथे एक इशारा जरूर द्यावासा वाटतो. म्यूमेटलच्या ट्रान्स्फॉर्मरच्या गुंडाळ्या शाबूत आहेत की नाही हे पाहण्यासाठी पुष्कळजण मल्टिमीटर ओहमच्या घरावर ठेवून त्याची टोके लावतात. मीटर त्या वेळी गुंडाळीतून एकदिश प्रवाह सोडतो व गाभा चुंबकित करून ठेवतो. असे घडलेच तर २० हर्ट्झचा जोरकस संकेत देऊन तो मिनिटभरात सावकाश शून्यावर आणावा, म्हणजे गाभा पूर्वपदावर येतो. तसेच हा ट्रान्स्फॉर्मर हातून पडू देऊ नये. भट्टीत तापवून मिळवलेली त्याच्या धातूची पार्यता आघाताने कमी होते, आणि ती घरी परत आणता येत नाही.

तारसप्तकाच्या टोकाला प्राथमिक गुंडाळीतून निघालेले, पण दुय्यमपर्यंत न पोचलेले चुंबकीय क्षेत्र, म्हणजे गळतीची प्रवर्तकता, आणि वेढ्यांवेढ्यांमधील धारिता यांची जोडी जमून अनुस्पंदन होते. गुंडाळ्या थराथरांनी एकमेकींत गुंफून कुशल कारागीर हे अनुस्पंदन श्राव्य पट्ट्याच्या पुष्कळ वर ढकलतो. पण त्याचे शिखर दाबण्याचे काम शेवटी बांधणाऱ्याच्या रोधकाकडेच येते. याचा प्रसिद्ध दाखला मिश्रणमंचांचे रचनाकार रूपर्ट नीव्ह यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओसाठी नीव्ह यांनी बनवलेल्या मिश्रणमंचाच्या काही मार्गांत काहीतरी बिनसले आहे, अशी तक्रार बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांमुळे नावाजलेले जेफ एमेरिक यांनी केली, आणि तपासाअंती असे निघाले की त्या मार्गांतील ट्रान्स्फॉर्मरांना योग्य भार जोडायचा राहून गेला होता व त्यामुळे ५४ किलोहर्ट्झवर ३ डेसिबलांचा उंचवटा आला होता. माणसाला ५४ किलोहर्ट्झ ऐकू येतात असा निष्कर्ष काहीजण यावरून काढतात. तो मला पटत नाही, कारण तसे अनुस्पंदन पुढच्या टप्प्यांना कसे वागायला लावते याचा निवाडा त्या हकिकतीत नाही. तिच्यातून निर्विवाद सिद्ध होते ते इतकेच, की बिनभाराचा ट्रान्स्फॉर्मर हा अर्धवट बसवलेला ट्रान्स्फॉर्मर असतो.

भार ठरवण्याची रीत हाताने करून पाहण्याजोगी आहे. चिप काढून तिच्या जागी संकेतजनकाकडून १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर प्राथमिक बाजूच्या रोधकावर आणावी आणि दुय्यम बाजू ऑसिलोस्कोपवर पाहावी. लहरीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक शिंग उगवलेले दिसते व त्यामागे विरत जाणाऱ्या लाटा दिसतात. आता दुय्यम टोकांवर २५,००० ओहमचा पोटेन्शिओमीटर, त्याच्या ओळीत काहीशे पिकोफॅरडचा धारित्र घेऊन, जोडावा व मूठ हळूहळू फिरवावी. शिंग खाली बसू लागते, लाटा एकेक करून नाहीशा होतात, आणि एक जागा अशी येते की कोपरा स्वच्छ राहतो. मूठ आणखी फिरवली तर कोपरा गोल होऊ लागतो. त्या जागेवर थांबून पोटेन्शिओमीटर सोडवून मोजावा आणि त्याच मूल्याचा कायम रोधक डाख देऊन बसवावा. धारित्र ओळीत असल्यामुळे हा भार फक्त वरच्या कंप्रतांवर पडतो व एरवीच्या आवाजाला धक्का लागत नाही. वापरायची केबल ही चाचणी चालू असताना जोडलेलीच असावी, कारण तिची धारिताही या अनुस्पंदनात सामील होते.

जमिनीच्या संबंधाविषयी वर ओझरता उल्लेख केला. संगणकाचा यूएसबी मार्ग, त्याचा वीजपुरवठा, भिंतीतील अर्थिंग, अँप्लिफायरचे अर्थिंग आणि दोन्ही यंत्रांना जोडणारी केबल, असे एक मोठे वेटोळे पुष्कळ घरांत नकळत तयार होते, आणि त्यात फिरणारा प्रवाह स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची गुणगुण किंवा संगणकाच्या कामकाजाची किरकिर होऊन ऐकू येतो. यावर अर्थिंगची तार कापून टाकण्याची जी वहिवाट काही ठिकाणी आहे ती प्राणघातक आहे; ती कोणीही, कोणत्याही सबबीवर अनुसरू नये. निर्गमाच्या टप्प्यातील ट्रान्स्फॉर्मर हे वेटोळे सुरक्षितपणे तोडतो, कारण त्याच्या दोन गुंडाळ्यांत तांब्याचा सांधा नसतो. मात्र हा लाभ पदरात पडण्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आरसीए सॉकेटची बाहेरची कडी धातूच्या पेटीला टेकता कामा नये, म्हणजे सॉकेटखाली प्लॅस्टिकची वॉशर हवीच. ती विसरली तर ट्रान्स्फॉर्मरने तोडलेला संबंध पेटीचा पत्रा पुन्हा जोडून देतो. आणि दोन गुंडाळ्यांच्या मधे स्थिरविद्युतीय पडदा असलेला ट्रान्स्फॉर्मर निवडून तो पडदा पेटीच्या जमिनीला जोडावा, नाहीतर संगणकाची उच्च कंप्रतेची किरकिर गुंडाळ्यांमधील धारितेतून पलीकडे जातेच. ट्रान्स्फॉर्मर वीजपुरवठ्याच्या ट्रान्स्फॉर्मरपासून पेटीत जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा, आणि पक्का बसवण्याआधी लांब तारांवर जोडून, अँप्लिफायर चालू ठेवून, हातात धरून सावकाश फिरवावा. एका विशिष्ट कोनात घरघर अगदी क्षीण होते. तिथे पेन्सिलीने खूण करून मगच भोके पाडावीत.

ट्रान्स्फॉर्मर हाच गाळणीचे काम करतो, म्हणून अंकीय गाळणी काढून टाकावी, असा एक पंथ आहे. १९९०च्या दशकात जपानमध्ये र्योहेई कुसुनोकी यांनी एमजे मासिकातून अंकीय गाळणीविना डॅकचा पुरस्कार केला, आणि इंग्लंडच्या ऑडिओ नोट कंपनीने एडी १८६५ या चिपला ट्रान्स्फॉर्मरची जोड देऊन त्याच दिशेची यंत्रे विक्रीस आणली. त्यांचे चाहते पुष्कळ आहेत व त्यांच्या आवडीबद्दल मला वाद घालायचा नाही. पण २० किलोहर्ट्झच्या स्वराची पहिली प्रतिमा २४.१ किलोहर्ट्झवर उमटते, आणि २० किलोहर्ट्झ निर्वेध जाऊ देणारा कोणताही ट्रान्स्फॉर्मर इतक्या लगतच्या प्रतिमेला अडवू शकत नाही. मेगाहर्ट्झच्या प्रदेशातील कचरा तो थोपवतो, तेवढेच त्याच्याकडून मागावे. गाळणी काढल्यावर पायऱ्यांच्या स्वभावामुळे २० किलोहर्ट्झवर ३.२ डेसिबलांची घटही येते. कित्येकांना जो मऊपणा ट्रान्स्फॉर्मरचा वाटतो त्यातला काही हिस्सा या घटीचा असतो. ज्या चिपला चांगली अंकीय गाळणी मिळते तिची ती काढू नये, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

ज्या वाचकाला हे सारे करून पाहण्याची इच्छा असेल त्याने चढत्या पटीच्या महाग ट्रान्स्फॉर्मरपासून सुरुवात करू नये. हाताशी चालू स्थितीतला, ऑपअँपचा टप्पा असलेला डॅक असेल, तर त्याच्या निर्गमावर एकास एक पटीचा, दोन्ही बाजूंना १०,००० ओहमांसाठी बनवलेला लाइन ट्रान्स्फॉर्मर वेगळ्या छोट्या पेटीत बसवून जोडावा. ऑपअँपचा निर्गमरोध लहान असल्याने गाभ्याची विकृती तिथे सर्वांत कमी राहते, केबलची भीती उरत नाही, जमिनीचे वेटोळे तुटते, आणि बिघडले तर मूळ यंत्राला धक्का न लावता पेटी काढून ठेवता येते. त्या पेटीने गुणगुण गेली आणि संगीत जसेच्या तसे राहिले, तर बहुसंख्य घरांतली गरज तिथेच भागलेली असते. ऑपअँप काढून चिपच्या पायाला थेट ट्रान्स्फॉर्मर जोडण्याचा बेत त्यानंतर, हातात चिपची तांत्रिक पत्रिका, चौकोनी लहर आणि ऑसिलोस्कोप असतील तेव्हाच हाती घ्यावा, आणि त्या कामासाठी दुपायी चिप निवडावी.